झाडू, लाडू आणि हायाशी आजींची गल्ली

चहा उकळतोय तोवर मीच सांगून टाकते. नाहीतर आमचे हे सांगतील, आणि ते सांगायला लागले की प्रकरण दुप्पट होतं. परवाच दुकानात बसून गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या हिनं जपानात झाडू मारून आख्खी गल्ली बेजार केली!"

बरं, खोटं असतं तर भांडले तरी असते. खरं आहे, तेच तर दुखणं आहे!

तर झालं असं. आमची पल्लवी जपानात ओसाकाला नोकरी करते. आम्ही अंबडची माणसं, बी-बियाण्यांचं छोटं दुकान. लेकीनं हौसेनं बोलावलं म्हणून गेलो. पण तिची खोली केवढी म्हणता? एकानं कूस बदलली की बाकीच्यांनी उठून बसायचं! काही दिवस तसे काढले, मग तीच म्हणाली, "आई, तुम्हाला जवळच क्योतोला ठेवते. जुन्या पद्धतीचं लाकडी घर आहे, तिथे पाहुणे ठेवतात. शांत गल्ली आहे. मी सुट्टीला येते तिकडे."

घर पाहिलं आणि मी हरखलेच. तोंडाशी अरुंद आणि आत लांबच लांब. लाकडी जाळीची खिडकी, सरकते कागदी दरवाजे, जमिनीवर गवताच्या जाड चटया, आणि मधे आकाश उघडं ठेवलेली परातीएवढी बाग. तिच्यातलं शेवाळसुद्धा विंचरल्यासारखं!

हे म्हणाले, "आपल्या जालन्याच्या बाजारातली जुनी दुकानं बराबर अशीच हायेत की. तोंड एवढंसं अन् आत बोगदा."

मग चपलांचं सुरू झालं. बाहेरच्या चपला दारात, घरातल्या वेगळ्या, चटईवर अनवाणी आणि संडासात आणखी तिसऱ्याच. हे वैतागले. "घर हाये का चपलांचं दुकान? माणसानं जायचं कवा अन् बदलायच्या कवा?"

घराच्या मालकीण हायाशी आजी. सत्तरी कधीच ओलांडलेली, चिमणीएवढा जीव, सारखं हसू. मागच्या खोलीत राहायच्या. नवरा गेल्यावर घर विकायची पाळी आली होती, तेव्हा त्यांनी पुढच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली.

पल्लवीनं मला बाजूला घेऊन बजावलं. "आई, नीट ऐक. गल्लीतल्या लोकांचा याला विरोध होता. परकी माणसं येणार, गोंधळ करणार. ते टोकाच्या घरातले ओकुदा आजोबा तर शेवटपर्यंत नाहीच म्हणत होते. आजींनी दारोदार जाऊन शब्द दिलाय, की कुणाला माझ्या पाहुण्यांचा त्रास होणार नाही. तक्रार आली तर बंद करावं लागेल. त्यामुळे हळू बोला. बाबांना तर फोनवर बोलूच देऊ नकोस."

तिचं बरोबर होतं. आमचे हे फोनवर असे बोलतात की फोन नसता तरी अंबडला ऐकू गेलं असतं.

मी म्हटलं, "तू बिलकुल काळजी करू नको. मी अशी वागते की गल्ली म्हणेल, पाहुणे यावेत तर असे!"

हेच नडलं. मी नुसती गप्प बसले असते ना, तर आज हा किस्साच नसता. पण गप्प बसेल ती मी कसली?

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. हे घोरत होते. स्वयंपाक नाही, भांडी नाही, दुकानाचा डबा नाही. करायचं काय? दार सरकवून बाहेर डोकावले. गल्लीच्या टोकाशी एका छोट्या देवळातलं झाड पिवळी पानं गाळत होतं आणि ती पानं सगळ्यांच्या दारात पसरली होती. आणि इकडे दारामागे झाडू, बादली, पाणी शिंपडायचा लाकडी ओगराळा, सगळं हाताशी!

तुम्हीच सांगा, बाईमाणसाला अजून काय आमंत्रण पाहिजे?

आजींचं दार झाडलं. मग शेजारचं. आता आपल्याकडे आपलं दार झाडायचं आणि शेजारणीच्या दारातला कचरा तसाच ठेवायचा, असं करतो का आपण? लगेच ऐकू येईल, "का गं, हात झिजले असते का?" म्हणून पुढचं झाडलं, समोरचं झाडलं, असं करत करत थेट ओकुदा आजोबांच्या दारापर्यंत गेले. वर पाणी शिंपडलं. रांगोळी जवळ नव्हती, म्हणून वाचलो! नाहीतर प्रत्येक दारात ठिपके मांडले असते.

इतक्यात समोरचं दार सरकलं. एक बाई हातात झाडू घेऊन बाहेर आल्या आणि आपलं चकचकीत दार बघून जागच्या जागी थांबल्या. मग वाकल्या. मीही वाकले. त्या अजून खाली वाकल्या. मी अजून खाली. माझ्या कंबरेतून कट्ट आवाज आला, तेव्हा कुठे त्या आत गेल्या.

मला वाटलं, किती खूश झाली बिचारी!

दुपारी हायाशी आजी माझ्या खोलीशी आल्या. हातात एक लाखेचा काळा डबा, आत पानाच्या आकाराची नाजूक मिठाई. समोरच्या बाईंनी पाठवलेला. संध्याकाळपर्यंत आणखी घरांतून डबे आले. लोणचं आलं, पिवळीजर्द फळं आली, आणि चक्क ओकुदा आजोबांकडूनही एक डबा आला. आजींचं हसू थोडं ताणल्यासारखं वाटलं, पण म्हटलं म्हातारं माणूस, दमल्या असतील.

मी यांना म्हटलं, "बघा! ज्यांचा विरोध होता, त्यांनीच डबा धाडला."

"ते ठीक हाये," हे म्हणाले, "पण आता हे डबे परत कसे देणार?"

कसे म्हणजे? भरून! आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करतात का? पल्लवीसाठी मी शेंगदाण्याचे लाडू आणि चकल्या नेल्या होत्या, विमानात वजनावरून मारामारी करून! त्यातले लाडू प्रत्येक डब्यात घातले, वर चकली ठेवली आणि घरोघर स्वतः नेऊन दिले. लोक दोन्ही हातांनी डबा घेत होते, आत बघत होते आणि चेहरा पडत होता. मला वाटलं, भारावलेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू घेऊन बाहेर आले, तर गल्ली आधीच झाडलेली! एक पान नाही. मला जरा वाईटच वाटलं. त्याच्या पुढच्या दिवशी मी आणखी लवकर उठले. तर काय? अंधारात समोरच्या बाई झाडतायत, शेजारची चष्मेवाली झाडतेय, आणि टोकाला ओकुदा आजोबा एका हातानं कंबर धरून दुसऱ्या हातानं झाडू ओढतायत. मला बघताच सगळ्यांचे हात जोरात चालायला लागले.

मी जाऊन आजोबांच्या हातातला झाडू घ्यायला लागले. ते सोडेनात. मी म्हणतेय, "द्या आजोबा, तुमचं वय हाये का हे!" ते त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणतायत. झाडू मधे. शेवटी मीच जिंकले.

हो, जिंकले! त्या वेळी मला तसंच वाटलं.

त्या दिवशी डबे दुप्पट आले. मी लाडू दुप्पट घातले. पुढच्या दिवशी डबे मोठे झाले, सोबत टॉवेल आले. लाडू संपले तसे मी चिवडा दिला, चिवडा संपला तशी तिळाची चटणी पुड्या बांधून दिली. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. हे चटईवर डबे सरकवत झोपायला जागा करायचे.

"अगं, हे काय लग्नातला आहेर चालू हाये का?" हे ओरडले. "आता आपल्या औषधाच्या गोळ्या तेवढ्या वाटायच्या ऱ्हायल्या!"

"हळू बोला! गल्लीला त्रास होईल," मी म्हटलं.

बोलायचं तरी कुणाशी? फोनमध्ये पल्लवीनं भाषांतराची सोय करून दिली होती, पण फोन सदा यांच्या हातात. बसल्या बसल्या अंबडच्या मोंढ्यातले भाव बघून राह्यले होते.

हायाशी आजी मात्र दिवसभर गल्लीत दारोदार जायच्या, वाकायच्या, परत यायच्या. मला वाटायचं, त्यापण देवाणघेवाण करून राह्यल्यात. जेवण मात्र त्यांचं कमी कमी होत चाललं होतं.

सुट्टी आली, पल्लवी आली. खोलीचं दार सरकवलं आणि डब्यांची उतरंड बघून दारातच बसली.

"आई, काय केलंस तू?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं. झाडण्यापासून चटणीपर्यंत. ती ऐकता ऐकता पांढरी पडत गेली. मग आजींशी बराच वेळ बोलली. आजी बोलत होत्या आणि पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे टिपत होत्या.

"आई," पल्लवी म्हणाली, "इथे आपलं दार झाडायचं आणि शेजाऱ्याच्या दाराचं फक्त वीतभर. वीतभर म्हणजे शेजारधर्म. त्यापुढे गेलं की त्याचा अर्थ होतो, तुमचं दार घाण आहे, तुम्हाला झाडता येत नाही!"

"अगं बाई!"

"म्हणून ते तुझ्या आधी उठायला लागले. तू अजून लवकर उठलीस. आता गल्लीतलं कुणी धड झोपलेलं नाही. ओकुदा आजोबांची कंबर गेलीय."

"मंग ते डबे? ते तर खुशीनं दिले ना?"

"तू त्यांचं काम केलंस, म्हणजे त्यांना काहीतरी देणं भाग पडलं. तिथे विषय मिटला असता. तू डबे भरून परत दिलेस!"

"मंग रिकामे देऊ?"

"आई, इथेही भांडं रिकामं परत करत नाहीत! त्यांचीही तीच रीत आहे! मग हे थांबणार कसं?"

हे कोपऱ्यातून म्हणाले, "न्हाईच थांबणार. लेकरं-नातवंडं हेच करत बसतील."

सातासमुद्रापार गेले, आणि गाठ पडली ती कुणाशी? माझ्यासारख्याच माणसांशी!

पल्लवीचं अजून संपलं नव्हतं. "उद्या ओकुदा आजोबांनी गल्लीतल्या लोकांना बोलावलंय. आजींनी पाहुणे ठेवावेत की नाही, ते ठरवायला. आजी रोज दारोदार जाऊन तुझ्यासाठी माफी मागतायत."

मला रडूच फुटलं. त्या चिमणीएवढ्या बाईचं घर माझ्या झाडूनं जाणार! मी उठले. "चल, मी स्वतः ओकुदा आजोबांची माफी मागते. थांब, काहीतरी बांधून घेते बरोबर..."

"आई!!" लेक पहिल्यांदाच त्या घरात ओरडली. "रिकाम्या हातानं! आणि त्यांचा डबा पण रिकामा द्यायचा. कुणीतरी हे थांबवायला पाहिजे, आणि सुरू तू केलंयस."

तुम्हाला काय सांगू माझी अवस्था! आयुष्यात कधी कुणाचा डबा रिकामा दिला नाही. घरात काही नसलं तर साखरेची चिमूट टाकून दिलाय. आजोबांचा डबा धुतला, पुसला आणि उराशी धरून निघाले. वाटेत पल्लवीनं माझी पर्सही तपासली. तिच्यात खडीसाखरेची पुडी निघाली. ती काढून घेतली.

ओकुदा आजोबा कंबरेला पट्टा बांधून दारात आले. मी वाकले, डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला. हलवून बघितला. आवाज आला नाही. झाकण उघडून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा आत बघितलं.

आणि एकदम त्यांनी मागे वळून घरात हाक मारली. आतून त्यांची बायको धावत आली, डब्यात डोकावली आणि भिंतीला टेकून तिनं एवढा मोठा सुस्कारा सोडला!

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

पल्लवी हसू दाबत म्हणाली, "बायकोला म्हणाले, 'ये लवकर, रिकामा आहे!'"

मग आजोबा गंभीरपणे काहीतरी बोलले. पल्लवीनं सांगितलं, "लाडू फार चांगले होते. कृपा करून पुन्हा देऊ नका."

पुढच्या तासाभरात मी सगळ्या गल्लीत रिकामे डबे वाटले. घरोघर आनंदीआनंद! इतकं माझ्या लाडवांनीही कुणी खूश झालं नव्हतं.

आजोबांची एकच अट होती. सकाळी मी त्यांच्यासमोर झाडून दाखवायचं. सकाळी सगळी गल्ली दारात उभी. आजींनी झाडू माझ्या हातात दिला. मी आजींचं दार झाडलं, शेजारचं वीतभर झाडलं आणि थांबले. तेवढ्यात वरून एक पिवळं पान आलं आणि त्या वितीच्या बरोबर पलीकडे पडलं.

सगळी गल्ली माझ्याकडे बघतेय. मी पानाकडे. हाताला नुसती खाज सुटली. हे मागून पुटपुटले, "शपथ हाये तुला."

मी झाडू खाली ठेवला. ओकुदा आजोबांनी मान डोलावली, आणि ती बैठक झालीच नाही. आजी आजही पाहुणे ठेवतात. आता नवीन पाहुणा आला की झाडू मागच्या खोलीत नेऊन ठेवतात, असं पल्लवी सांगते.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण माझी शहाणपणाची हौस!

अंबडला परत आलो. आमच्या शेजारच्या कांताभाभींनी, दमून आल्या असतील म्हणून, गरमागरम दालबाटीचा डबा पाठवला. सकाळी मी उठले. आपलं दार झाडलं, भाभींचं वीतभर झाडलं आणि थांबले. त्यांचा डबा धुतला, पुसला, दोन्ही हातांनी त्यांच्या सुनेच्या हातात दिला आणि वाकून परत आले. मनात म्हटलं, किती स्वच्छ कारभार! कुणावर ओझं नाही, काही नाही.

दुपारी हे दुकानातून जल्दी घरी आले. चेहरा उतरलेला.

"काय केलंस तू? कांताभाभी दुकानात येऊन रडून गेल्या. म्हणाल्या, आमच्याकडून अशी काय चूक झाली, की अर्धं दार झाडलं अन् डबा रिकामा धाडला?"

घ्या! जपानात गल्ली नाराज करायला मला झाडू, लाडू, चकल्या, चिवडा आणि चटणी एवढं सगळं लागलं होतं. अंबडला नुसता एक रिकामा डबा पुरला.