बटव्यातला चाकू

मी भित्रा माणूस. तरुणपणीही होतो, आता म्हातारपणी तर विचारूच नका. पण साधा चाकू विकत घ्यायला गेलो आणि दुकानात घामाघूम झालो, असा माणूस अख्ख्या अमरावतीत माझ्याशिवाय दुसरा झाला नसेल.

त्याचं कारण सांगतो. आमची दोन पोरं गेली होती. पहिलं सातव्या दिवशी, दुसरं नवव्या. बारसं एकाचंही झालं नाही. तिसऱ्या खेपेला बायकोला आठवा लागला तेव्हा आईनं जुनी सुईण सोडून नवी बोलावली. ती ओसरीवर बसली, तंबाखू चोळली आणि पहिलं विचारलं ते लोखंडाचं.

"बाळाच्या उशीखाली काय ठेवलं होतं तवा?"

"विळा," आई म्हणाली.

"कोनाचा?"

"शेजारणीचा. मागून आणला होता."

"मंग! उसनं लोखंड तुमचं पोट्टं कायले राखीन?" तिनं कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे वळली. "बापानं नवा चाकू आनावा. पोट्टं येईपर्यंत रोज आंगावर बाळगावा. त्यानं सुतळी काप, बोरू तास, काय वाट्टेल ते कर. पन जित्या जिवाचं रगत लागू देऊ नको. पयलं रगत नाळेचं. मंग धुऊन बारा दिवस उशीखाली. तवापर्यंत घराच्या उंबऱ्याभाईर न्यायचा नाही. आन त्याले चामडं नको, हाड नको. बाळंतिनीच्या खोलीत चालत नाही."

मला घाम फुटला तो तिथंच. एवढ्या अटी माझ्या लग्नातही नव्हत्या.

मी तेव्हा एका शेठकडे रुईचा पारखी होतो. बोऱ्याची शिवण उसवायची, आत हात घालून मूठभर रुई ओढायची, बोटांत धरून तिचा धागा पाहायचा, ओली आहे का, सरकीचा चुरा मिसळलाय का ते सांगायचं. अमेरिकेत लढाई पेटली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे विलायतेला आमच्याच कापसाची गरज लागली होती. त्यामुळे जो तो रुई ओली करून वजन वाढवत होता आणि माझ्यासारख्याला डोकं खाजवायला फुरसत नव्हती. इतकं असूनही माझ्याकडे स्वतःचा चाकू नव्हता. सुतळी मी दातानं तोडायचो, नाहीतर गाडीवानाचा विळा मागायचो. शेठ हसायचा.

मुंबईचा माल तेव्हा बाजारात नुसता लोटला होता. एका बोहऱ्याच्या दुकानात छत्र्या, आरसे, कुलपं आणि चाकू. साधे चाकू होते त्यांना चामड्याचं म्यान. ते गेले. म्हणजे उरला मिटणारा चाकू, ज्याचं पातं मुठीतच जाऊन बसतं, म्यान लागत नाही. तसे तीन निघाले.

पहिल्याची मूठ पांढरी. बोहरी म्हणाला, "हाथीदाँत है, साहब." मी मूठ उजेडात धरली, वास घेतला, नखानं खरवडली. हस्तिदंत चालतो का हे सुईणीनं सांगितलं नव्हतं, आणि तो हस्तिदंतच आहे याची खात्री देवही देऊ शकला नसता. मी चारदा विचारलं. चौथ्या वेळी तो म्हणाला, "हड्डी भी हो तो क्या, काटेगा तो उतना ही ना?" झालं. तो चाकू मी खाली ठेवला आणि हात धोतराला पुसला.

दुसऱ्याची मूठ शिंगाची. आता शिंग हाडात धरायचं की नाही? अर्धा तास तिथं उभा राहिलो. शेवटी घरी गेलो, आईला विचारलं, आईनं सुईणीकडे निरोप धाडला. उत्तर आलं, "शिंग म्हंजे हाडाचा सख्खा भाऊ. घरी आनू नका." मी पुन्हा बाजारात.

तिसऱ्याची मूठ शिसवीची, दोन्ही टोकांना पितळ. पातं माझ्या तीन बोटांएवढं. मनात म्हटलं, हाच. उघडला, मिटायला गेलो तर पातं खाडकन बसलं ते माझ्या अंगठ्यावर. रक्ताचा थेंब पात्यावर.

"खून लगा दिया," बोहरी म्हणाला, "अब तो लेना ही पड़ेगा."

"रक्त लागलं म्हणूनच तर घेता येत नाही!" मी ओरडलो. दुकानातली दोन-तीन माणसं मागे सरली. भल्या माणसानं शेवटी आतून तसलाच दुसरा काढून दिला. मी अंगठा दूर ठेवून तो पंचवीस वेळा उघडला, पंचवीस वेळा मिटला, आणि मगच घेतला.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला माझं मलाच ठाऊक. चाकू सुपारीच्या बटव्यात, बटवा कमरेला, आणि माझा हात दिवसातून शंभरदा बटव्यावर. सुतळ्या मी सपासप कापत होतो, पण कुणी पेरू पुढं केला तरी चाकू काढत नव्हतो. पेरूत अळी असली म्हणजे? डास मारतानाही बटवा आधी बाजूला करायचो. बाजारात माझी थट्टा व्हायची. "पारखी, चाकूले झोप लागली का पायता काय?" असं विचारायचे मेले.

मुलगा झाला. नाळ त्याच चाकूनं कापली. चाकू धुऊन उशीखाली गेला आणि मी दिवस मोजू लागलो. पाचव्या दिवशी माजघरात सटवाईची पूजा मांडली. पाटावर कोरा कागद, बोरू, दौत, आणि रिवाजाप्रमाणे उशीखालचा चाकूही आणून ठेवला. रात्री देवी येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणतात. मी तिला मनात म्हटलं, बाई, फार काही लिहू नकोस, बारा दिवस लिही, पुढचं आम्ही पाहतो.

त्याच संध्याकाळी शेठचा हुकूम आला. सात गाड्या रुई उद्या पहाटे अकोल्याला निघणार. तिथं विलायती व्यापाऱ्याचा माणूस बोरे फोडणार, खोट काढणार, तेव्हा आपला पारखी समोर पाहिजे. मी म्हटलं, शेठजी, घरी पाच दिवसांचं बाळ आहे. तो म्हणाला, "भाव आज चढून राहिला. आठ दिवसांनी राहीन का?" त्याचंही खोटं नव्हतं.

पण वाट वाईट होती. व्यापाऱ्यांची माणसं रोकड घेऊन हिंडू लागली तशी लुटारूंची चंगळ झाली होती. पंधरवड्यापूर्वीच बडनेऱ्याच्या पुढं एका नाल्यात एक मुनीम मारून टाकलेला सापडला होता. एकटा होता बिचारा.

बाळंतिणीला शिवायचं नसतं. मी खोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच बायकोला सांगितलं.

"संग कोन हाय?" तिनं विचारलं.

"सात गाडीवान."

"आन तुमच्यापाशी काय हाय?"

"शिदोरी."

तिनं सुईणीकडे पाहिलं. सुईण तिथंच शेक द्यायला बसली होती. मी सुईणीला म्हटलं, बाळाकडे लक्ष दे. तशी ती फणकारली, "मी काय झोपा काढून राहिली का इथं?"

पहाटे सगळं घाईत. अंधारात धोतर सापडलं, पगडी सापडली, खुंटीवरचा बटवा कमरेला खोचला आणि निघालो.

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मूर्तिजापूरच्या अलीकडे एका निंबाखाली बैल सोडले. भाकर खाल्ली, सुपारीसाठी बटव्यात हात घातला, आणि बोटांना शिसवीची मूठ लागली.

आधी कळलंच नाही. महिनाभर ती मूठ रोज लागत होती, तशी लागली. मग कळलं. अरे देवा! पाटावरून मीच उचलला असणार. महिनाभराची सवय, पहाटे जाता-येता हात गेला असणार आणि टाकला असणार बटव्यात. आठवू गेलो तर आठवेना. आठवो न आठवो, चाकू माझ्या हातात होता आणि उशीखाली काही नव्हतं. सातवा दिवस होता. पहिलं सातव्याच दिवशी गेलं होतं.

पुढच्या गाडीच्या म्हाताऱ्या गाडीवानाला मी रडत रडत सांगितलं. लाज वाटली नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे बाप्पा! मंग बसला काहून? ऊठ, जाय! गाड्या आमी नेतो."

"शेठ?"

"शेठच्या घरी मेलं काय कोनाचं पोट्टं? जाय!"

निघालो. एकटा, भर दुपारी, ज्या वाटेनं एकट्यानं जायची माझी छाती झाली नसती त्या वाटेनं. पायात वहाणा होत्या, एकीचा अंगठा तुटला, तशा दोन्ही फेकल्या. माझं चित्त एका गोष्टीवर नव्हतं. नाला आला की लुटारूंचं भय, नाला सरला की बाळाचं भय. स्वतःला शिव्या देत चाललो होतो, अगदी मोठ्यानं. हलकट, गाढवा, एक काम सांगितलं होतं तुला, एक!

सूर्य कलला तेव्हा मागून दोघं जण आले. काठ्या हातात, तोंडाला फडकी. मी वळून पाहिलं तर ते भराभर चालू लागले. मी बटव्यातून चाकू काढला आणि उघडला. तीन बोटांचं पातं! आणि मग आठवलं की हा चालवायचा नाही. याला रक्त लागलं की संपलं. समजा मी त्यांना मारलं, वाचलो, घरी पोचलो, तर घेऊन काय पोचणार? त्यांना चाकू दिसला तर ते आधी मारणार, आणि मी तर वार करणार नाही! खरं सांगतो, मी तो मिटला, बटव्यात ठेवला, बटवा पोटाशी धरला आणि उभा राहिलो. 

"दादा," एक जण म्हणाला, "तांबडा बैल पायला का कुठी? शिंग मोडकं हाय त्याचं."

मी नाही म्हटलं की काय म्हटलं, आठवत नाही. ते गेले. मी वाटेच्या कडेला बसून ओकलो.

रात्र एका गावच्या चावडीत काढली. दुसऱ्या दिवशी दुपार कलता कलता घराच्या गल्लीत शिरलो. कान रडण्याकडे. रडणं नव्हतं. ते चांगलं की वाईट तेही कळेना. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मला पाहून सूप हातातून पडलं. "अरे! तू कसा आला? गाड्या कुठी हायत?" मी काही न बोलता आत गेलो आणि बायकोच्या खोलीच्या उंबऱ्यावर चाकू ठेवला. तिच्या हातात देता येत नव्हता म्हणून ठेवला.

आत बाळ पीत होतं. चपचप आवाज येत होता.

"मी गाढव आहे," मी म्हटलं. "मी नेला. सवयीनं नेला. आता ठेव उशीखाली, लवकर ठेव."

बायको माझ्या पायांकडे पाहत होती. "का जी, हे काय करून घेतलं पायाचं?"

"पाय राहू दे! चाकू ठेव!"

"तुमी नाही नेला तो," ती म्हणाली. "म्याच ठेवाले सांगितला बटव्यात. सुईनबाईच्या हातून."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. समजलं तेव्हा असा संताप आला, असा संताप आला, की बाळ नसतं तर भांडं फेकून मारलं असतं. मी ओरडलोच. दोन गेली, हे तिसरं, मी बोहऱ्याच्या दुकानात शोभा करून घेतली, महिनाभर पेरू खाल्ला नाही, आणि तू? तुला काही वाटलं नाही? पोराच्या उशीखाली काही नको?

तिनं बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं. घाई केली नाही.

"पोट्ट्यापाशी मी होती," ती म्हणाली. "तुमच्यापाशी कोन होतं?"

मी उंबऱ्याच्या अलीकडे खाली बसलो. मुनिमाचं तिनंही ऐकलं होतं, आणि मी शिदोरी म्हटलं होतं. मला रडू आलं, ते आईलाही ओसरीवर ऐकू गेलं असणार.

चाकू आमच्या दोघांच्या मधे पडून होता. तिनं तो बोटानं माझ्याकडे सरकवला.

"आता अकोल्याले जासान तं घेऊन जा."

मी तो परत तिच्याकडे सरकवला. "मी नाही जात."

"शेठले काय सांगसान?"

"सांगीन," मी म्हटलं, "चाकू घरी राहिला."

शेठनं दुसरा पारखी ठेवला. बाराव्या दिवशी पाळण्याची दोरी माझ्या हातात होती आणि पोरगं गल्लीला ऐकू जाईल असं रडत होतं.