कातरलेल्या तोंडाची हजेरी

आमच्या धाराशिव शहरात यंत्रमात्राला धाकात ठेवणारा एकच मनुष्य आहे आणि तो माझ्या भिंतीपलीकडे राहतो, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. आपण सर्वजण यंत्रापुढे नमते घेतो. पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' अशी अक्षरे उमटली की अपराध्यासारखे पुन्हा प्रयत्न करतो. आमचे शेजारी करीत नाहीत. 'एकदा सांगितलंय की!' असे ते त्या यंत्राला स्पष्ट बजावतात आणि मांडवात रुसलेल्या वरपित्यासारखे हात बांधून उभे राहतात. अचेतनावर कोप करू नये, असे आमच्या गुरुजींनी पाठशाळेत शिकवले होते. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की कोप आधी अचेतनाने सुरू केला आहे.

एका सरकारी कचेरीत ते अव्वल कारकून आहेत. घराणे कळंबकडचे, मेंढपाळांचे. त्यात पगारी नोकरी धरणारे हे पहिलेच. थोरले बंधू अद्यापि कळप राखतात. देह धिप्पाड, आवाज माळावरून हाक मारण्याच्या मापाचा, आणि मिशी अशी भरदार की समोरच्याची दृष्टी आधी तिच्यावर स्थिरावते, मग सवडीने उरलेल्या चेहऱ्याकडे जाते. मोबाईल कंपनीची ध्वनिमुद्रित बाई 'मराठीसाठी दोन दाबा' म्हणू लागली की हे तिला मधेच थांबवतात. 'बाई, आधी रामराम तरी घ्या. मग काय दाबायचं ते सांगा.' बाई रामराम घेत नाही. मग हे फोन बाजेवर उताणा ठेवतात आणि चहा घेतात. 'बोलू द्या तिला. दमली की गप बसंल.'

एकदा त्यांच्या बँकेने ओळख पटवण्यासाठी मोबाईलपुढे बसवले. मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, इथवर त्यांनी सोसले. पुढे आज्ञा आली, डोळे मिचकावा. शेजारी ताडकन उठले. 'ह्या वयात डोळा मारू? त्यो बी मोबाईलला?' पलीकडे वहिनी गहू निवडीत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, 'मारा की. मला तरी कुठं कधी मारलाय!' ते काम आजतागायत अपूर्ण आहे.

परंतु खरा संग्राम झाला तो परवलीच्या शब्दावरून. कचेरीत प्रत्येकाने संगणकासाठी आपापला पासवर्ड ठरवावा, असा हुकूम निघाला. यांनी स्नान करून, मनोभावे, आपल्या कुलदैवताचे, बिरोबाचे नाव घातले. संगणकाने तांबड्या अक्षरांत निकाल दिला, 'कमकुवत.' त्या दिवशी कचेरीतले कामकाज काही काळ थांबले म्हणतात. 'बिरोबा कमकुवत? कोण म्हनतंय? समोर बोलवा त्येला!' कोणीतरी समजावले की अण्णा, नावापुढे एक-दोन आकडे आणि एखादी खूण जोडा, म्हणजे बळकट होईल. 'देवाच्या नावाला आकडा लावायला त्यो काय मोटारसायकलीचा नंबर हाय?' शेवटी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने आपल्या मनाने काहीतरी घालून दिले. ते काय, हे यांनी विचारले नाही आणि ऐकूनही घेतले नाही. तेव्हापासून रोज सकाळी तो कारकून येऊन यांचा संगणक उघडून देतो, पुजाऱ्याने गाभारा उघडावा तसा. मी स्वतः नित्य पूजा करणारा मनुष्य आहे. या भांडणात माझे मन कोणाकडे होते, हे सांगायला नको.

पुढे कचेरीच्या दारात चेहरा पाहून हजेरी घेणारे यंत्र आले. त्याच्याशी मात्र, आश्चर्य म्हणजे, यांचे जमले. रोज हे त्याच्यापुढे उभे राहत, ते यांचे नाव उच्चारी, आणि हे 'शाब्बास' म्हणून आत जात. सगळ्या नोकरीत आपल्या नावापुढे विनाकारण गैरहजेरी लागलेली नाही, हा त्यांचा एकच अभिमान होता. निवृत्ती जवळ आलेली. तो कोरेपणा तसाच घेऊन बाहेर पडायचे, एवढीच त्यांची इच्छा.

अशात गावी त्यांची आई गेली. वय झाले होते, तरी आईच ती. दहाव्या दिवशी नदीकाठी त्यांनी रीतीप्रमाणे क्षौर केले. डोईचे केस दिले, मिशीही दिली. दिवसकार्य आटोपून ते परत आले तेव्हा अंगणात कोण उभे आहे, हे मला क्षणभर कळले नाही. एवढा थोरला मनुष्य, आणि चेहरा मुंजीतल्या बटूसारखा.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. यंत्रापुढे उभे राहिले. यंत्र म्हणाले, 'चेहरा ओळखला नाही.'

हे तसेच उभे. मागे रांग वाढली. शिपाई धावत आला. 'अण्णा, सोपं हाय. मागल्या निरोपसमारंभाचा फोटो हाय माझ्याकडं, मिशीवाला. त्यो धरू म्होरं. ह्ये लई भोळं हाय, घेतंय.' शेजारी त्याच्याकडे शांतपणे पाहून म्हणाले, 'बाबा, माझा फोटो हजर अन् मी न्हाय, असा बी दिवस येनार हाय. त्या दिवशी हार घेऊन ये. आज मी सोता आलोय.'

कचेरीच्या प्रमुख मॅडम तरुण आहेत, मनाने चांगल्या. त्यांनी बोलावून सांगितले, 'अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. जुना चेहरा काढून टाकू, हा नवीन नोंदवू. दोन मिनिटांचं काम आहे.'

'न्हाय मॅडम. ह्ये तोंड माझ्या आईसाठी केलंय. मशीनसाठी न्हाय.'

'पण ते तुम्हाला ओळखत नाही ना!'

'मग चूक कुनाची? आमचा थोरला भाऊ मेंढरं कातरतो. कातरल्यावर बी एकूणएक मेंढरू तोंडावरून सांगतो, कुनाची लेक, कुनाची नात. मेंढरू कातरलं म्हनून धनगर त्याला कळपाबाहेर हाकलत न्हाय, मॅडम.'

मॅडमना ते पटले, परंतु यंत्राला पटले नाही. रोज सकाळी हे त्याच्यापुढे उभे राहत, ते ओळख नाकारी, आणि हे शाळेतल्यासारखे खणखणीत 'हजर!' म्हणून आपल्या टेबलाशी जात. कामात कसूर नाही. उमरग्याहून एक म्हातारे गृहस्थ अर्ज घेऊन आले, तर त्यांना म्हणाले, 'बसा. मी आज गैरहजर हाय, पन तुमचं काम करून देतो.' गृहस्थ पाणीसुद्धा न पिता दाराकडे सरकले; त्यांना धरून आणावे लागले.

मग संगणकाने आपणहून नोटीस काढली. आपण कोणतीही पूर्वसूचना न देता सतत गैरहजर आहात, खुलासा करावा, अन्यथा सेवेत खंड धरला जाईल. ज्या एका अभिमानावर त्यांनी नोकरी पेलली होती त्यालाच ही कात्री लागली. त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी भीतभीत म्हटले, 'नोंदवून टाका की नवा चेहरा. शास्त्राचा त्याला काही विरोध नाही.' ते म्हणाले, 'शास्त्रीबुवा, शास्त्राचा नसंल. माझा हाय.' आणि माझ्यादेखत खुलासा लिहिला. 'सदरची नोटीस शिपायाने मला माझ्या टेबलावर, मी काम करीत असताना, हातोहात दिली. त्या वेळी मी कोठे होतो, ते कचेरीने ठरवावे.'

तो वाचून मॅडम आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः सकाळी दाराशी येऊ लागल्या. यांनी 'हजर' म्हणावे, त्यांनी डोळ्यांनी पाहावे आणि आपल्या अधिकारात संगणकात तशी नोंद घालावी. मागचे दिवसही त्यांनी त्याच अधिकारात दुरुस्त केले. खंड टळला. एका मनुष्याने हट्ट धरला म्हणून दुसऱ्या मनुष्याला त्याच्या तोंडाकडे पाहावे लागले, याचे मला फार समाधान वाटले.

महिने लोटले. परवा सायंकाळी मी संध्या आटोपून ओट्यावर आलो तर शेजारी पायरीवर बसलेले. मिशी पूर्ववत भरली होती. 'आज मशीननं वळखलं,' ते म्हणाले. 'नाव घेतलं माझं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. शिपायानं पेढे आनले.'

'मग विजय झाला म्हणायचा!' मी म्हटले.

त्यांनी तळहात ओठांवर आडवा धरून मिशी झाकली. 'आईला दिली व्हती,' म्हणाले, 'ती परत आली बगा. आता तोंडावर तिचं काय बी ऱ्हायलं न्हाय.'

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.

मग त्यांनी विचारले, 'वर्षश्राद्धाला पुन्यांदा काढली तर चालंल का? शास्त्रात काय हाय?'

पोथी उघडायला मी उठलो नाही. 'चालेल,' म्हणालो.

'मंजी दुसऱ्या दिवशी परत गैरहजर,' ते म्हणाले, आणि तो माळावरचा आवाज मला प्रथमच इतका हळू ऐकू आला.