शालिकरामच्या वावराचं मडकं

शालिकराम ढोले माझा शेजारी आहे आणि त्याच्याबद्दल मला मुळात तक्रारच करायची आहे. माझ्या घराच्या पूर्वेच्या भिंतीवर काळ्या मातीचे शिंतोडे आहेत. दोनदा रंग दिला, दोनदा ते परत आले. चौतीस वर्षं शाळेत पोरांना स्वच्छता शिकवली आणि निवृत्तीनंतर अमरावतीच्या या कॉलनीत माझ्या नशिबी अशी भिंत आली.

शालिकरामचं वावर मोर्शीकडे, अगदी सडकेला लागून. चारपदरी रस्ता निघाला तेव्हा ते सगळं रस्त्यात गेलं. गावातल्या बाकीच्यांनी मिळालेल्या मोबदल्यात गाड्या घेतल्या, प्लॉट घेतले. यानेही माझ्या शेजारी घर बांधलं, पण वावरावर मशीन येणार त्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर लावून दोन ट्रॉल्या माती घेऊन आला आणि घरामागच्या फरशी लावलेल्या अंगणात ओतली. नवी कोरी फरशी होती. त्याची बायको तानुबाई दारात उभी राहून बघत होती.

"मी लगन करून आली तवा मायेरची माती आनली व्हती का संगं?" तिने विचारलं.

"तुयं मायेर अजून जागेवर हाये," शालिकराम म्हणाला.

त्या ढिगाचं करायचं काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. वर्षभर तो नुसता पडून होता. मग एक दिवस त्याच्या पोरीने, आकांक्षाने, मोबाइलवर त्याला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक माणूस आपल्या घरात बसून चाकावर भांडी करत होता आणि याने मनाला शांती मिळते असं सांगत होता. शांतीशी शालिकरामला घेणंदेणं नव्हतं. पण मातीचं चार भिंतींच्या आतही काही होऊ शकतं, हे त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याच संध्याकाळी त्याने चालू कूलरची मोटर काढली. एप्रिल महिना होता. अमरावतीत एप्रिलमध्ये कूलर मोडणाऱ्या माणसाला घरात कोण काय बोललं असेल, ते मी इथे लिहीत नाही.

कूलरची मोटर पंखा फिरवायला केलेली असते. तिच्यावर लाकडी पाट बसवून त्याने मातीचा गोळा ठेवला आणि बटण दाबलं. गोळा उडाला. अर्धा माझ्या भिंतीवर, थोडा तानुबाईच्या वाळत घातलेल्या मुगाच्या वड्यांवर आणि उरलेला माझ्या चष्म्यावर.

"गुरुजी, लागलं नाई ना?" शालिकराम म्हणाला. "पन तुमी मधात कावून उभे होते?"

मी माझ्या घराच्या ओट्यावर उभा होतो.

पुढे त्याने मोटरीचा वेग कमी केला, हात बसवला आणि महिन्याभरात चाकावर मडकं उभं राहायला लागलं. पण वाळताना ते फाटायचं. जवळजवळ दर वेळी. आता यात आश्चर्य वाटण्यासारखं काय होतं? आमची काळी माती आहे ती. पावसाळ्यात पायातली चप्पल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे आणि शालिकरामने तर जन्मभर तीच माती कसली होती. पण अभिमान माणसाला आंधळा करतो म्हणतात, ते खोटं नाही.

"सोन्यासारखा कापूस पिकला या मातीत," तो म्हणायचा. "एक मडकं पिकनार नाई?"

जी चार-दोन वाळेपर्यंत टिकली, ती त्याने अंगणातच भाजायला काढली. मोर्शीहून साळ्याकडून गाडीभर पऱ्हाटी आणली, गोवऱ्या रचल्या आणि पेटवून दिलं. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा तो धूर असा निघाला की कॉलनीतल्या कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. गाडी गल्लीत शिरेना. जवान चालत आले, विझवायला काही विशेष नाही असं बघून खुर्च्यांवर बसले, तानुबाईच्या हातचा चहा प्याले. त्यातल्या एकाने निखाऱ्यातलं मडकं काठीने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "काकाजी, कच्चंच रायलं. आखीन जाळ पायजे." विझवायला आलेल्या माणसाने जाळ वाढवायला सांगावा, असं मी माझ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मडकं तसंही त्या ठोक्याने फुटलंच.

अशात आकांक्षाचं लग्न ठरलं, परतवाड्याच्या घरात. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका वाजतगाजत कुंभाराच्या घरी जातात, हळदकुंकू लावून त्याच्याकडून मडकं मागून आणतात आणि पाणी भरून मांडवात देवाजवळ ठेवतात. शालिकरामने जाहीर केलं की मांडवातलं मडकं आपल्या वावराच्या मातीचंच राहील.

तानुबाईने डोक्याला हात लावला. मांडवात मडकं फुटलं तर केवढा अपशकुन, आणि तोही व्याह्यांसमोर. पण ती हुशार बाई. तिने मलाच साक्षीला बोलावलं आणि अट घातली. "मडकं मांडवातून पोरगी निंगेपर्यंत पान्यानं भरलेलं उभं रायलं, तर माती अंगनात राहीन. नाई रायलं, तर दुसऱ्या दिवशी सारा ढीग कचऱ्याच्या गाडीत."

"कबूल," शालिकराम म्हणाला. त्याचा आवाज मला नेहमीसारखा वाटला नाही. सगळं वावर रस्त्याखाली गेलेल्या माणसाजवळ तेवढाच ढीग शिल्लक होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याची काळजी वाटली, आणि भिंतीकडे बघून माझा मलाच राग आला.

पंधरा दिवसांत बावीस मडकी फाटली. तेविसाव्याच्या वेळी शालिकरामच्या गावचे देवानंद कुंभार तणतणत आले. त्यांच्या घराकडून ढोल्यांच्या लग्नांना तीन पिढ्या मडकी जात होती आणि या वेळी कुणी विचारायलाही आलं नव्हतं. त्यांनी ढिगातली चिमूटभर माती बोटांत चोळली.

"दादा, हे माती कापसाची हाये. हिच्यात रेती टाका, राख टाका, लीद टाका. तवा कुठी काही जमलं तर जमन."

"भेसळ?" शालिकराम ताडकन उठला. "मी कापसात कधी भेसळ केली नाई, अन् मातीत करू?"

दोघंही हट्टी. तासभर अंगणात एकमेकांकडे पाठ करून बसले. तानुबाईने दोनदा चहा दिला. शेवटी देवानंदांची नजर कोपऱ्यातल्या खापरांवर गेली. बावीस मडक्यांचे तुकडे. "हे तुकडे तुमच्याच वावराचे ना?" ते म्हणाले. "चांगले भाजतो मी माह्या भट्टीत. मंग कुटा, चाळा अन् थोच चुरा कच्च्या मातीत मिसळा. वावरात वावर. भेसळ कुठी हाये?"

शालिकरामने खापरं पोत्यात भरून देवानंदांच्या भट्टीवर पोचवली. भाजलेली खापरं त्याने आधी तानुबाईच्या मिक्सरमध्ये घातली. मिक्सर तिथेच संपला. मग मुसळाने कुटणं सुरू झालं, आणि कसं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं मुसळ माझ्या हातात होतं. माझी बायको भिंतीवरून वाकून बघून आत गेली.

सात मडकी झाली. देवानंदांनी ती आपल्या भट्टीत भाजली. शालिकराम दिवसभर भट्टीसमोर बसून होता, जेवायलाही उठला नाही. सातांतलं एक अख्खं निघालं. जरा डावीकडे कललेलं, पण अख्खं.

आता मिरवणूक. मडकं कुंभाराच्या घरून यायला हवं आणि हे तर घरातच तयार. देवानंदांनी तोडगा काढला. "मडकं ज्यानं घडवलं थो कुंभार. बायकांनी पुढच्या दारानं निंगावं, गल्लीला वळसा घालून मागच्या दारी यावं. मान माहा, मडकं याचं." त्याप्रमाणे मागच्या दारात पोतं अंथरून शालिकराम बसला. शेजारी नव्या धोतरात देवानंद, हात कसे ठेवायचे ते सांगायला. बँड पुढच्या दारातून निघाला, चाळीस पावलांची गल्ली फिरला आणि मागे येऊन थांबला.

तिथे नवीच अडचण. बायका कुंभाराला भाऊ म्हणून मडकं मागतात. तानुबाईने नवऱ्याला भाऊ कसं म्हणावं? बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. शेवटी तानुबाई म्हणाली, "अवो कुंभार, मडकं द्या."

शालिकरामने मडकं दोन्ही हातांनी धरलेलं होतं. "आखीन मांग," तो म्हणाला.

बँडवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"कुंभार, मडकं द्या."

"आखीन एक डाव."

तानुबाईचा चेहरा लाल झाला. "पावने खोळंबले, अन् तुमाले काय सुचून रायलं?"

"वावर नेलं तवा कोनी एक डाव बी मांगलं नाई," शालिकराम म्हणाला. "नुसता कागद आला."

बायकांचं हसणं थांबलं. तानुबाईने डोक्यावरचा पदर नीट केला, नवऱ्यापुढे वाकली आणि दोन्ही हात पसरले. "तुमच्या वावराचं मडकं द्या," ती म्हणाली, आणि त्याने दिलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मांडवात, देवाजवळ, तांदळाच्या राशीवर ते कललेलं मडकं सकाळीच पाण्याने भरून ठेवलं होतं. शालिकराम व्याह्यांच्या पंगतीत राबत होता आणि इकडे यायची त्याची हिंमत होत नव्हती. मी मात्र जवळच खुर्ची टाकून बसलो होतो, अटीचा साक्षीदार म्हणून. तासाभराने पाहिलं तर मडक्याखालचे तांदूळ ओले झाले होते. पाणी बोटभर खाली उतरलं होतं. आणखी थोड्या वेळाने दोन बोटं. पोरगी निघायला अजून अर्धा दिवस होता.

तेवढ्यात तानुबाई आली. नवरीची आई, अंगावर पैठणी, शंभर कामं मागे लागलेली. तिने आजूबाजूला पाहिलं, पदराआडून तांब्या काढला आणि मडकं काठोकाठ भरलं. ओले तांदूळ मुठीने उचलून तिथे कोरडे टाकले. अर्ध्या तासाने परत आली. मग परत. आकांक्षाची पाठवणी होईपर्यंत ती किती वेळा आली, ते मी मोजलं नाही.

एकदा मात्र राहवलं नाही. मी हळूच म्हणालो, "तानुबाई, मडकं गळून राहिलं हो."

तिने तांब्या पदरात लपवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझीच चूक होती.

"गळून नाई रायलं, गुरुजी," ती म्हणाली. "पानी थंडं करून रायलं."