हिब्रूतलं ‘पाहिजे’

इस्राएलात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळवायची तर थोडी हिब्रू यावी लागते, असं कळलं आणि मी राजारामपुरीत पिठाच्या गिरणीवरच्या एका क्लासात नाव घातलं. शिकवणारे सर कबनूरचे. आधी यंत्रमागावर कामाला होते, मग तेल अवीवला एका आजोबांपाशी राहिले आणि परतले ते थेट विद्वान होऊनच.

“तो सगळा देश एका क्रियापदावर चालतोय,” सर म्हणाले. “रोत्से. म्हणजे पाहिजे. बाकीची भाषा नुसती फोडणी. कुणी ‘अता रोत्से?’ म्हटलं, तर तुला पाहिजे का, असं इचारतोय. हो असंल तर ‘केन’, नको असंल तर ‘लो’. आणि तिथं एकदाच इचारत्यात. लो म्हटलं की विषय संपला.”

एकदाच? आमच्याकडं पहिलं ‘नको’ म्हणजे वाढा, दुसरं म्हणजे अजून वाढा. तिसऱ्याला पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, तेव्हा वाढपी त्या हातावरच तांबडा रस्सा ओततो. माझ्या एका मामाचा तळहात अजून लाल आहे आणि तो येईल त्याला दाखवतो. आईनं तर मला लहानपणीच घडवलेलं: दुसऱ्याच्या दारात पोटात कावळे कोकलत असले तरी ‘आत्ताच जेवून आलोय’ म्हणायचं.

मुलाखत क्लासातच, व्हिडिओवर होती. आईनं जोतिबाला गुलाल-खोबरं बोललेलं आणि मी घाईनं सगळ्या गल्लीचा निरोपही घेऊन टाकलेला. नोकरी मिळाली नाही तर तोंड दाखवायला जागा नव्हती. पडद्यावर एका आजोबांची मुलगी. आजोबांना कसं उठवायचं, कसं भरवायचं, हे मी असं करून दाखवलं की बाई खूश. शेवटी तिनं विचारलं, आमच्याकडं काम करायला, “अता रोत्से?”

एवढ्या भल्या बाईला पहिल्याच झटक्यात ‘हो, पाहिजे’ म्हणायचं? माणसाला काही संस्कार आहेत की नाहीत? मी लाजून म्हणालो, “लो, लो,” आणि तिच्या आग्रहाची वाट बघत बसलो. तिनं आभार मानले. पडदा काळा.

सर मागंच उभे होते. “भावा, हे काय केलंस?”

“अजून एकदा इचारतील की.”

“ती काय पंगतीत वाढाय आलीया?” सरांनी पुन्हा फोन लावला, तिला बराच वेळ काहीबाही समजावलं आणि फोन माझ्यापुढं धरला. “म्हण आता.”

आजवर मराठीतसुद्धा हे वाक्य मी कुणापुढं बोललो नव्हतो. “अनी रोत्से,” मला पाहिजे, मी असा बोंबललो की खालची गिरणी बंद पडली आणि कळंब्याच्या तुरुंगातले कैदी म्हणे हजेरीला उभे राहिले. बाई हसली. कधी येतोस, म्हणाली.

घरी आईनं देवापुढं साखर ठेवली आणि वळून विचारलं, “त्या बाईनं नोकरी दिली का तू मागितलीस?”

“मागितली.”

“तोंडानं?”

“व्हय.”

आईनं माझी बॅग पुढं ओढली. मग माझ्या कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, “गल्लीत कुणी इचारलं तर सांग, त्यांनीच लई आग्रह केला.”