हॉलच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता

रविवारी घाटकोपरच्या एका हॉलमध्ये माझी वाट लागली. तीन दिवस झाले, डोकं अजून तापलेलंच आहे... म्हणून लिहून टाकतोय.

नवीन लोकांसाठी सांगतो. मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं आणि आता घाटकोपरलाच एका डीटीपीच्या दुकानात काम करतो. पत्रिका, बॅनर, वाढदिवसाचे स्लाइडशो. आणि एक मुलगी आहे... तिचं नाव लिहिणार नाही, ती ही पोस्ट वाचणार आहे.

तिचे पप्पा रिटायर झाले. वाशीमहून आले, शिपाई म्हणून लागले, हेडक्लार्क होऊन बाहेर पडले. त्यांच्या कार्यक्रमाचा स्लाइडशो करायला तिने मला सांगितलं... मला! पंधरा दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर पत्रिकांसाठीचा एक मराठी फॉन्ट आहे. असला झकास, की नाव टाईप केलं तरी कुणीतरी हाताने रंगवल्यासारखं वाटतं. पण जुन्या पद्धतीचा. ज्या कॉम्प्युटरवर तो टाकलेला नाही, तिथे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो.

आता सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितीय? हे मला माहीत होतं. प्रेसला पत्रिका पाठवताना मी रोज अक्षरं कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांचं चित्रच होऊन जातं, कुठेही उघडा. परक्यांच्या लग्नाला ही काळजी... आणि तिच्या पप्पांच्या वेळी नाही. का? तर चित्र केलं की एकेक अक्षर वरून पडायचं ॲनिमेशन जातं, आणि मला तर इम्प्रेशन मारायचं होतं.

तिने सांगितलंही होतं, "एकदा हॉलवर जाऊन लावून बघ ना." मी म्हटलं, "टेन्शन नको घेऊस, मी आहे ना."

मी आहे ना. डोंबल.

बुद्धवंदना झाली, लाइट बंद झाले, पहिली स्लाइड आली. पप्पांच्या नावाच्या जागी तुटक्या चौकटी, उलटे कॉमे, कसलीतरी टोपीवाली इंग्रजी अक्षरं... आणि तीसुद्धा एकेक करून, वरून पडत पडत.

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, चायनीजची ऑर्डर दिलीय का?" अख्खा हॉल हसला. तिचा चुलतभाऊ मला ऐकू जाईल असं म्हणाला, "कॉलेज सोडलेल्याला काम दिलं की हेच होणार."

त्याची कॉलर धरायला जाणार होतो. पण कोपऱ्यात हॉलचे ऑपरेटर काका दिसले, साठीचे, गळ्यात हेडफोन... आणि सगळा राग मी त्यांच्यावर काढला. काय भंगार कॉम्प्युटर ठेवलाय, मराठी दिसत नाही तर धंदा कशाला करता... आणखीही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकांनी शांतपणे विचारलं, "फॉन्ट पेनड्राइव्हवर आणलायस?" नव्हता. "फाइल कुठे बनवलीस?" दुकानात. "किती लांब?" रिक्षाने दहा मिनिटं.

"मग इथे काय भांडतोयस? पळ. मी बघतो इकडचं."

ती वाटेतच उभी होती. एवढंच म्हणाली, "आजीची स्लाइड पप्पांना दिसली पाहिजे रे." ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुकानाची चावी खिशातच होती. प्रत्येक स्लाइड चित्र म्हणून सेव्ह केली, ॲनिमेशन गेलं खड्ड्यात. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं लागली. वाटलं, जेवणं सुरू झाली असणार...

बघतो तर स्टेजवर सत्कार! काकांनी कार्यक्रम चालवणाऱ्या तिच्या मामांच्या कानात सांगितलं होतं की शेवटचा सत्कार आधी घ्या आणि प्रत्येकाला दोन शब्द बोलू द्या. हातात माईक आला की आपल्याकडे नाही कोण म्हणतं? पाचवे वक्ते चालू होते, अजून तिघे लायनीत.

मग स्लाइडशो लागला. साधा, एकामागून एक फोटो. पण अक्षर न् अक्षर जागेवर. आजीचा फोटो आला, ज्या बाईने दुसऱ्याच्या शेतात राबून पप्पांना शिकवलं तिचा... खाली तिचं नाव, शेवंताबाई. पप्पा उठून स्क्रीनजवळ गेले आणि ते नाव मोठ्याने वाचलं. आता कुणी हसलं नाही.

मला वाटलं, वाचलो. जेवणाच्या लाइनमध्ये ती आली. मी थँक्यूची वाट बघतोय... आणि ती म्हणाली, "पप्पा खूश आहेत. पण त्या काकांना काय काय बोललास, मी सगळं ऐकलंय. माझ्यावरही असाच ओरडशील ना एक दिवस?"

यार... ताट ठेवलं आणि आत गेलो.

काका एकटेच वायरी आवरत होते. म्हटलं, "काका, चूक माझी होती. कॉम्प्युटरची नव्हती, तुमची तर नव्हतीच." त्यांनी वर बघितलंही नाही. वायरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "धर. ओढू नकोस, आतून तुटते."

सगळ्या वायरी होईपर्यंत थांबलो. बाहेर आलो तर ती निघून गेली होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही, कारण आत्ता दिलं तर ते नुसतं बोलणं होईल... पण ज्याला मी एवढं बोललो, त्याच माणसाने माझ्यासाठी चाळीस मिनिटं हॉल थांबवून धरला. काका, तुमचे उपकार आहेत. तेवढा थंड डोक्याचा होईन, तेव्हाच तिच्यासमोर जाईन.