जाळीची उजवी बाजू

फोन मीनाचा होता, वसंताच्या मुलीचा. "काका, बाबा गेले हो. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि..." पुलगावहून समुद्रकाठचं त्याचं गाव दोन दिवसांच्या प्रवासाचं, आणि माझ्या गुडघ्यांनी तर कधीचाच संप पुकारलेला. जाणं झालं नाही. त्याला आता सव्वा महिना झाला. आधी खूप रडू आलं, खोटं कशाला सांगू... पण हल्ली त्याची आठवण आली की हसूच येतं. माणूसच तसा होता.

आम्ही दोघे नाचणगावचे, शाळेत एका बाकावरचे. मी पुलगावच्या गिरणीत कापड तपासायला लागलो. वसंता शिकत गेला, शिकत गेला आणि थेट समुद्रावर संशोधन करणाऱ्या संस्थेत चिकटला. पोहायला शिकला विहिरीत, नोकरी जहाजावर! दर महिन्याला ठरलेल्या जागी जायचं, जहाजामागे बारीक जाळीची लांब पिशवी ओढायची आणि तिच्यात अडकलेले प्लवक मोजायचे, हे त्याचं काम. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे इवलेसे जीव, ज्यांच्यावर मासे जगतात. मी विचारायचो, "तेच ते काऊन मोजतं बे? तुले कंटाळा नाई येत?" तो म्हणायचा, "एकाच रीतीनं वीस वर्षं मोजलं ना बबन, तवा कुठं समजते समुद्राचं काय होऊन राह्यलं ते." असं मोठं काहीतरी बोलायचा आणि वरून दोन पोळ्या जास्त हाणायचा.

नव्वदनंतरची गोष्ट. दिवाळीच्या आठ दिवस आधी तो आमच्या घरी आला तो चेहरा पाडूनच. पिशवीतून जुन्या जाळीचा तळहाताएवढा तुकडा काढला. झालं होतं असं, की त्याच्या तक्त्यात प्लवक दरवर्षी कमी कमी होत चालले होते. समुद्रातलं जीवन घटतंय असं त्यानं मोठ्या बैठकीत ठासून सांगितलं होतं, त्याच्या नावानं अहवाल गेला होता. आणि आता जुनी जाळी काढून नवी लावली, तर आकडा एकदम वर! "समुद्र का एका महिन्यात भरून येते? जुनी जाळीच ढिली झाली असन, बारीक जीव सटकून गेले असन, तं माह्या इतक्या वर्षांच्या कामाचं काय? आमच्याकडे भोकं मोजता येते सगळ्यायले, पण कापड विणतानाच असं होतं का वापरून झालं, हे तुलेच कळन." एवढा शिकलेला माणूस माझ्यापुढे हात जोडल्यासारखा बसला होता. माझी छाती फुगली, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुकडा धागे मोजायच्या भिंगाखाली धरला. धागे इकडेतिकडे सरकलेले, भोकं कुठं रुंद, कुठं लांबट. आणि माझ्या हाताला एवढ्या वर्षांची एकच सवय : दोष दिसला की काढायचा. सुई घेतली आणि उजवीकडून एकेक धागा जागेवर बसवत आणला. असा साफ, की आमच्या खात्याच्या मास्तरांनी पाठ थोपटली. संध्याकाळी मोठ्या ऐटीत मी तो वसंतापुढे ठेवला.

तो पाहतच राहिला. "काऊन बे बबन्या, हे काय करून ठेवलं?"

"दुरुस्त केलं."

"अरे बह्याडा, तो बिघाडच तं मले पाह्यचा होता!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या हिनं आणून ठेवलेल्या चिवड्याला कोणी हात लावेना. शेवटी वसंतानं तुकडा फिरवून पाहिला. "डावी बाजू तं सोडली ना?" सोडली होती, पण शहाणपणानं नाही. गिरणीचा भोंगा वाजला म्हणून राहिली होती.

मग उजेडात बसून आम्ही डावी बाजू तपासली. इंचातले धागे मोजले तर वसंताच्या वहीत नव्या जाळीचे लिहिलेले होते तेवढेच. म्हणजे विणकर चुकला नव्हता, पाण्यात ओढून ओढून धागे झिजले होते, सरकले होते. वसंता हळूच म्हणाला, "समुद्रावर उगाच आळ घेतला आपण." मी म्हटलं, "मंग चूप राह्य ना. कोणाले कळते?" तर म्हणतो, "मले कळलं ना!"

परत जाऊन त्यानं भर बैठकीत आपली चूक सांगितली. मग तेवढीच वापरलेली दुसरी जुनी जाळी आणि नवी, अशा दोन्ही सोबत ओढून वर्षभर मोजलं आणि सगळा तक्ता पुन्हा मांडला. निम्मीअधिक घट जाळीची निघाली. उरलेली मात्र खरोखर समुद्राची. "आता जेवढी उरली तेवढी पक्की आहे," असं पत्र आलं त्याचं. त्या पत्रातलं अक्षर पाहूनच कळत होतं, गडी रात्री नीट झोपायला लागलाय.

पुढे दोघेही निवृत्त झालो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यानं मुद्दाम फोन केला : "जुन्या डोळ्यानं एखादं कापड मोजून लिहून ठेवजो बे. मंग नव्यानं मोजजो." आणि मी खरंच दोन्ही वेळा मोजलं, काय सांगू!

गेल्या आठवड्यात मीनानं टपालानं एक पाकीट पाठवलं. आत पुठ्ठ्यावर चिकटवलेला तोच तुकडा. खाली वसंताचं अक्षर : "डावी बाजू – होती तशी. उजवी बाजू – बबनने दुरुस्त केली आहे, काम फार सुंदर. मोजू नये."

तो तुकडा आता माझ्या टेबलावर भिंगाशेजारी असतो. रोज सकाळी पाहतो. डाव्या बाजूचे ते वाकडेतिकडे धागे पाहून हात आपोआप सुईकडे जातो... सुई उचलतो, क्षणभर धरतो आणि मुकाट्यानं परत डबीत ठेवून देतो.