जिन्याखालची झारी

दवाखान्याच्या बागेतल्या माळ्याला सगळे शिल्लकनाना म्हणत, आणि ते काही उगीच नाही. वीतभर सुतळी असो की डब्याच्या तळाला राहिलेला रंग, नाना घरी आणणारच. "असू दे, लागेल कधी," हे त्यांचं पालुपद. बायको म्हणायची, "लागेल तेव्हा सापडेल तर शपथ!"

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी बागेतल्या पायवाटेसाठी तणनाशक कालवलं, तेही नेहमीसारखं जास्तच. उरलेलं टाकून द्यायचं? छे! घरच्या जुन्या झारीत भरलं, वर ताटली झाकली आणि झारी जिन्याखाली सरकवली. ना चिठ्ठी, ना खूण. मग एका सकाळी त्यातलं निम्मं पंपात भरून घरामागच्या वाटेवर फवारलं आणि झारी पुन्हा जागच्या जागी ठेवली.

त्याच दुपारी लेकीने आत पाणीच आहे असं समजून ती अर्धी झारी नळाखाली भरली आणि रोपांवर रिकामी केली. लेकीने कारखान्यातली नोकरी सोडून अंगणात रोपवाटिका काढली होती. एका शाळेकडून तीनशे रोपांची पहिलीच मोठी मागणी आली होती, आणि दहा दिवसांनी गाडी येणार होती.

संध्याकाळी रिकामी झारी बघून नानांच्या तोंडचं पाणी पळालं.

"यातलं पाणी कुठं घातलंस गं?"

"रोपांना. का?"

नानांनी लपवलं नाही, एवढं मानायला हवं. लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गपचूप एकेक रोप स्वच्छ पाण्याने धुतलं आणि शेवटी म्हणाली, "बाबा, आता माझ्याशी बोलू नका."

दुसऱ्या दिवशी नाना बियाणं-औषधांच्या दुकानात गेले. दुकानदाराने सगळं ऐकून विचारलं, "कालवायला पाणी कुठलं घेतलं होतं?"

"हौदातलं. जरा गढूळच होतं."

"मग थोडी आशा आहे! गढूळ पाण्यात हे औषध त्यातल्या मातीलाच चिकटून बसतं, मग तणाला लागतच नाही. त्यात दोन महिने पडून राहिलेलं. जोर गेला असेल, पण खात्री देणार नाही. तुमच्या वाटेवरचं तण बघा. आठ-दहा दिवसांत पिवळं पडलं तर रोपंही गेली समजा. आणि नाना, यापुढे लागेल तेवढंच कालवा आणि त्याच दिवशी संपवा!"

झालं! तीस वर्षं ज्याने तणाशी उभा दावा मांडला, तो माणूस रोज सकाळी वाटेवर उकिडवा बसून तणाची विनवणी करू लागला. "जग रे बाबा, जग." बायको खिडकीतून म्हणायची, "माझ्या आजारपणात एवढं बसला नव्हतात हो!" नानांना हसू येत नव्हतं.

नवव्या दिवशी तणाला फुलं आली. नाना तसेच अंगणात धावले. रोपांना कोवळी पालवी फुटली होती, एकही पान पिवळं नव्हतं. नाना पायरीवर बसले आणि एकेक रोप नजरेनेच मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी गाडी भरून गेली. नऊ दिवस अबोला धरलेली लेक हातात एक रोप घेऊन नानांपुढे उभी राहिली.

"हे एक उरलंय, बाबा," ती म्हणाली. "असू दे, लागेल कधी."

नानांनी रोप दोन्ही हातांनी घेतलं आणि तिच्यादेखत ढसाढसा रडले.